वस्तुसंग्रहालयाची सहल : एक पाठ

वर्षातून एकदा शाळेची सहल निघते. पहाटे एस.टी.ची गाडी गावच्या पारापाशी येऊन उभी राहते आणि दोन दिवसांनी तीच गाडी पेंगुळलेल्या मुलांना घेऊन रात्री उशिरा परत येते. दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुजी विचारतात, “मुंबईस काय पाहिले?” मुले समुद्र सांगतात, आगगाड्या सांगतात, उंच इमारती सांगतात. “आणि वस्तुसंग्रहालयात?” या प्रश्नास मात्र “पुष्कळ मूर्ती होत्या”, “काचेच्या कपाटांत जुन्या वस्तू होत्या”, एवढेच उत्तर मिळते. कोणती मूर्ती, ती कोठून आली, ती कोणी व कशाची केली, हे एकासही सांगता येत नाही.

हा दोष मुलांचा नव्हे. तासाभरात सर्व दालनांतून रांगेने फिरविलेल्या मुलास याहून अधिक काही सांगता येणे शक्य नाही. मोठ्या माणसाचीही गत निराळी होत नाही. हजारो वस्तूंवरून नजर फिरली म्हणजे त्या पाहिल्या, असे होत नाही.

याच वर्गात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी असते. सहलीस न गेलेली पाचसात मुले तेथेच बसलेली असतात. कोणाच्या घरी पैशांची सोय झालेली नसते, कोणाच्या शेतावर कापणी आलेली असते, एखाद्या मुलीस धाकट्या भावंडापायी घरी राहावे लागलेले असते. गेलेल्या मुलांनी काहीच आणले नाही, तर राहिलेल्या मुलांची हानी दुहेरी होते. यास्तव संग्रहालयाच्या सहलीची योजना करताना शिक्षकांनी एकच कसोटी समोर ठेवावी : मुलांनी तेथे जे पाहिले ते गावात परत आले काय? ते परत येईल अशा रीतीने सहल कशी योजावी, याचा विचार या पाठात मुंबईतील तीन संग्रहालयांच्या आधारे केला आहे.

१. पाहावयाची स्थळे

मुंबईत लहानमोठी अनेक संग्रहालये आहेत. ती सर्व पाहण्याचा हव्यास धरू नये. एका दिवसात एक मोठे संग्रहालय आणि फार तर एक लहान, एवढेच प्रमाण ठेवावे.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे यांतील मोठे. याची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसविण्यात आली. वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे १९१४ च्या सुमारास इमारत पूर्ण झाली; परंतु पहिल्या महायुद्धात ती लष्करी रुग्णालयाच्या कामी लागली आणि १० जानेवारी १९२२ रोजी संग्रहालय लोकांस खुले झाले. पूर्वीचे ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम’ हे नाव १९९८ मध्ये बदलून त्यास आजचे नाव देण्यात आले. इमारतीचा मोठा घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देतो. बांधकामासाठी कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड वापरलेला आहे. बेसाल्ट म्हणजे सह्याद्रीच्या कड्यांचा काळा पाषाण. तो मुलांच्या ओळखीचा असतो, म्हणून पाठाचा आरंभ दालनात शिरण्यापूर्वी, बाहेरच्या भिंतीपासूनच करता येतो. आत कला, पुरातत्त्व व निसर्गेतिहास असे प्रमुख विभाग आहेत.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात आहे. ते २ मे १८७२ रोजी लोकांस खुले झाले. त्याच्या उभारणीसाठी झटणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी लाड हे प्रमुख होते. गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेल्या या विद्वान वैद्याने औषधोपचाराबरोबर प्राचीन शिलालेखांचाही अभ्यास केला. संग्रहालयास त्यांचे नाव १९७५ मध्ये देण्यात आले. येथे जुन्या मुंबईचे नकाशे आहेत, तसेच नाना व्यवसायांतील माणसांच्या मातीच्या लहान प्रतिमा आहेत. ग्रामीण मुलांस हे दालन परके वाटत नाही. आपल्या आळीतील धंदे काचेमागे मांडलेले पाहून त्यांस प्रथम नवल वाटते आणि मग ती आपण होऊन बोलू लागतात.

याच उद्यानात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी त्या बेटास ‘एलिफंटा’ हे नाव याच हत्तीवरून दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडास नेण्याच्या खटपटीत उचलताना खाली पडून भंगला. त्याचे तुकडे या बागेत आणण्यात आले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जुळविण्यात आले. वस्तू आपल्या जागेवरून हलविण्यात कोणता धोका असतो, हे मुलांस समजावून देण्यास याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

गावदेवीतील मणिभवन हे तिसरे स्थळ. १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधी मुंबईस आले असता या घरी उतरत. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे त्यांस अटक झाली तीही येथेच. त्यांची खोली, तेथील चरखा आणि त्यांच्या चरित्रातील प्रसंग दाखविणारे लहान देखावे येथे पाहावयास मिळतात. मोठ्या संग्रहालयानंतर हे घर दाखविले, तर इतिहास केवळ राजांचाच नसतो आणि तो साध्या खोलीतही घडतो, ही जाणीव मुलांस होते.

२. पूर्वपाठ

सहलीचा खरा आरंभ सहलीपूर्वी पंधरा दिवस वर्गात होतो. पत्रव्यवहार, वरिष्ठांची परवानगी, पालकांची संमती यांबरोबरच संग्रहालयाच्या कचेरीस आगाऊ लिहून सुटीचा वार, वेळ, शाळांसाठी असलेली सवलत आणि कोणती दालने खुली आहेत, यांची खातरजमा करावी. मुलींच्या सोयीची व पिण्याच्या पाण्याची चौकशी त्याच पत्रात करावी. शक्य झाल्यास शिक्षकाने एकट्याने आधी जाऊन यावे आणि पाठासाठी पाचसहा वस्तू निश्चित कराव्या. त्यांहून अधिक नकोत.

यानंतर पूर्वपाठ घ्यावा. दायमाबादच्या ब्राँझ शिल्पांवरील पाठाचा एक नमुना पुढे दिला आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद हे प्राचीन वस्तीचे स्थान आहे. १९७४ मध्ये तेथील एका भिल्ल ग्रामस्थास झुडपाच्या मुळाशी खणताना चार धातुशिल्पे सापडली : दोन बैल जुंपलेला व माणूस उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. यांपैकी काही शिल्पे मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात आहेत. शिक्षकाने फळ्यावर रथाची आकृती काढून प्रश्न विचारावे.

शिक्षक : ही आकृती कशासारखी दिसते?
मुले : गाडीसारखी, गुरुजी.
शिक्षक : आपल्या बैलगाडीचे कोणते भाग हिच्यात दिसतात?
मुले : जू आहे, दांडी आहे, चाके आहेत.
शिक्षक : चाकात काय दिसत नाही?
एक मुलगा : आरे नाहीत. चाक भरीव आहे.
शिक्षक : बरोबर. आता सांगा, ही वस्तू कोणास सापडली असेल?
मुले : एखाद्या मोठ्या साहेबास.
शिक्षक : नाही. आपल्यासारख्याच खेड्यातील, मातीत काम करणाऱ्या माणसास सापडली. त्याने ती वितळविली असती, तर?
एक मुलगी : भांडी झाली असती, गुरुजी.
शिक्षक : आणि आपणांस काय कळले नसते?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने देऊ नये. ते शोधण्यासाठीच मुलांस मुंबईस न्यावयाचे आहे. हा रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे, हे सांगून मुलांकडून तेवढी लांबी पट्टीने जमिनीवर आखून घ्यावी. पाहावयाच्या वस्तूचे आकारमान आधी डोळ्यांत बसले, म्हणजे प्रत्यक्ष दर्शनाच्या वेळी लक्ष बारकाव्यांकडे जाते. ही शिल्पे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या उत्तर-हडप्पा काळातील असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. काहींस ते मान्य नाही. विद्वानांतही मतभेद असतो आणि तो पुराव्याच्या आधारे मिटवावयाचा असतो, हेही मुलांस सांगावे.

पूर्वपाठाचा दुसरा भाग जोडीदारांचा. सहलीस जाणाऱ्या प्रत्येक मुलास मागे राहणारे एक मूल जोडीदार म्हणून द्यावे. जाणारी मुले अधिक असल्यास दोघातिघांस मिळून एक जोडीदार द्यावा. राहणाऱ्या मुलाने एक प्रश्न कागदावर लिहून द्यावा आणि जाणाऱ्याने त्याचे उत्तर पाहून आणावे. “गेंड्यास शिंगे किती दाखविली आहेत?” “बापूंच्या खोलीत बसावयास काय आहे?” “कुंभाराच्या प्रतिमेत चाक कोणत्या हाताशी आहे?” असे साधे प्रश्न पुरतात. एखादी वस्तू तेथे आढळली नाही, तर ‘आढळली नाही’ हेही उत्तरच होय. असा कागद खिशात असलेले मूल दालनातून धावत सुटत नाही, कारण त्याच्यावर दुसऱ्याचे डोळे होण्याची जबाबदारी असते. आणि घरी राहिलेले मूलही त्या दिवशी सहलीबाहेर राहत नाही.

३. प्रत्यक्ष दर्शन

संग्रहालयात शिरण्यापूर्वी मुलांनी खाऊन, पाणी पिऊन घ्यावे. भुकेल्या मुलास शिल्प दिसत नाही. आठदहा मुलांचा एक गट करून प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक किंवा जाणता पालक द्यावा. सर्व गटांनी एकाच दालनात एकदम जाऊ नये.

शिस्तीचे नियम सांगताना त्यांची कारणेही सांगावी. वस्तूस हात लावावयाचा नाही, कारण हाताचा घाम व तेल यांमुळे धातू गंजतो व दगडाचा पृष्ठभाग काळवंडतो. एका बोटाने काही होत नाही. परंतु दररोज हजारो बोटे लागली, तर शेकडो वर्षे टिकलेली वस्तू थोड्या वर्षांत झिजते. जुनी चित्रे मंद उजेडात ठेवतात, कारण प्रखर प्रकाशाने रंग उडतात. कारण समजलेला नियम मुले आपण होऊन पाळतात.

ठरविलेल्या प्रत्येक वस्तूपुढे निदान दहा मिनिटे थांबावे. पहिली दोन मिनिटे कोणीही बोलू नये, केवळ पाहावे. नंतर मुलांनी वहीत पेन्सिलीने वस्तूची आकृती काढावी. आकृती सुबक नसली तरी चालेल. जो काढतो त्यास पुन्हा पुन्हा पाहावे लागते, हाच तिचा उपयोग. शिक्षकाने पुढील पाच प्रश्न क्रमाने विचारावे :

(१) ही वस्तू कशाची आहे?
(२) ती कशी केली असेल?
(३) ती कोठे मिळाली?
(४) तिचा उपयोग काय असावा?
(५) हिच्यासारखे आपल्या गावात काही आहे काय?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे वस्तूत किंवा तिच्याजवळच्या माहितीफलकात मिळतात. पाचव्याचे उत्तर मुलांजवळच असते आणि सर्वांत मोलाचे तेच होय.

ज्या वस्तूपुढे शिक्षकांनी अवश्य थांबावे अशी एक वस्तू म्हणजे सोपाऱ्याच्या अशोक-लेखाचा तुकडा. आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा हे प्राचीन बंदर. तेथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये जवळच्याच भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. हा दुसरा तुकडा मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात जतन केलेला आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील ही ब्राह्मी अक्षरे मुलांनी पाहावी आणि त्यांतील एक अक्षर वहीत उतरवून घ्यावे. आज ज्या देवनागरीत ती लिहितात, तिचे मूळ याच लिपीत आहे. नवव्या लेखात राजा सांगतो की, आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासास निघताना लोक नाना विधी करतात. परंतु खरा मंगलविधी म्हणजे सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे आणि प्राणिमात्रांविषयी संयम बाळगणे.

आठव्या लेखातील मजकूर तर सहलीस निघालेल्या वर्गास अगदी लागू पडतो. पूर्वीचे राजे मौजेसाठी व शिकारीसाठी विहारयात्रा करीत. अशोकाने त्या सोडून धर्मयात्रा आरंभिली आणि तीत खेड्यापाड्यांतील लोकांस भेटण्याचा व त्यांच्याशी बोलण्याचा परिपाठ ठेवला. यात्रा मौजेची की शिकण्याची, हा प्रश्न बावीसशे वर्षांपूर्वीच दगडावर कोरला गेला होता, हे मुलांस कळू द्यावे.

दोन तासांनंतर मुलांचे लक्ष टिकत नाही. पाचसहा वस्तू पाहून झाल्या म्हणजे थांबावे. उरलेल्या वेळात मुलांस मनास येईल ते पाहू द्यावे. निसर्गेतिहासाच्या दालनात ती रमली तर रमू द्यावी. तेथे गुरुजींच्या प्रश्नांची आवश्यकता नसते.

४. परतल्यानंतर

पाठाचा उत्तरार्ध गावात होतो आणि बहुधा तोच वगळला जातो. परत आल्यावर पहिल्याच दिवशी जोडीदारांस जवळ बसवून आणलेली उत्तरे सांगावयास लावावी. उत्तर अपुरे असेल, तर राहिलेल्या मुलाने पुन्हा विचारावे. ज्यास सांगावयाचे असते तोच नीट आठवतो. निबंध, आकृत्या, नकाशावर स्थाने दाखविणे ही कामे पुढील आठवड्यात घ्यावी.

यानंतर शिक्षकांनी वर्गास गावातून फिरवावे. मारुतीच्या देवळामागे, पाराखाली किंवा वेशीजवळ पुष्कळ गावी कोरीव शिळा उभ्या असतात. लढाईत किंवा गुरे वाचविताना धारातीर्थी पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेल्या या वीरगळ होत. खालच्या भागात लढाई व पडलेला वीर, त्यावर त्यास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. संग्रहालयात विचारलेले पाच प्रश्न येथे पुन्हा विचारावे. ज्या शिळेवर मुले आजवर दप्तर ठेवीत होती, तिच्यापुढे ती दोन मिनिटे उगी उभी राहिली, तर सहल सफल झाली असे समजावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. उत्साहाच्या भरात अशा शिळा उचलून शाळेत आणू नयेत. वस्तू कोठे आहे, हा तिच्या इतिहासाचाच भाग होय. तसेच त्यांस तेलरंग फासू नये व त्यांच्या आधाराने सिमेंटचे ओटे बांधू नयेत. मुलांनी आकृती काढावी, मापे घ्यावी, स्थान लिहावे आणि अशी एक नोंदवही शाळेत ठेवावी.

शाळेच्या कोपऱ्यात ठेवावयाच्या वस्तू निराळ्या. अडगळीत पडलेली पायली, शेर, मापटे, चिपटे ही मापे, १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीचा एखादा आणा, फुटके जाते, जुनी पाटी, अशा वस्तू मालकाच्या संमतीने मागून घ्याव्या. प्रत्येकीजवळ चिठ्ठी लावून वस्तूचे नाव, उपयोग, देणाऱ्याचे नाव व तारीख लिहावी. दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हा हिशेब आजोबांच्या तोंडून ऐकून मुलांनी धान्य मापून पडताळून पाहावा. चिठ्ठीवर आपल्या आजीचे नाव वाचणाऱ्या मुलास संग्रहालय म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही.

शेवटची गोष्ट कायद्याची. नांगरताना, विहीर खणताना किंवा पाया घेताना नाणी, ताम्रपट, मूर्ती अशा वस्तू आजही निघतात. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास ती काय आहे, कोठे व केव्हा सापडली, याची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. ही माहिती अनेक पालकांस नसते. भीतीपोटी किंवा लोभापोटी वस्तू वितळविली जाते, विकली जाते किंवा पुन्हा पुरली जाते, आणि गावाच्या इतिहासाचे एक पान कायमचे फाटते. वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये, जागा अधिक उकरू नये, किती खोलीवर काय होते ते लिहून ठेवावे आणि तलाठ्यास अथवा तहसील कचेरीस तत्काळ कळवावे, एवढे प्रत्येक मुलास पाठ असावे. अशा प्रसंगी खेड्यातील माणूस सल्ल्यासाठी पुष्कळदा शाळेकडेच वळतो.

दायमाबादची शिल्पे जगास दिसली, ती मातीत काम करणाऱ्या एका माणसाच्या कुदळीमुळे. त्यानंतर विद्वानांनी त्यांवर ग्रंथ लिहिले आणि नगरातील लोक ती पाहावयास जाऊ लागले. म्हणजे शहरातील संग्रहालयात जे मांडलेले आहे, त्यांतील पुष्कळसे खेड्यातून गेलेले आहे. ग्रामीण शाळेतील मूल तेथे जाते ते परक्याच्या घरी नव्हे. आपल्याच घरचे जतन केलेले धन पाहण्यास ते जाते. हे त्यास कळले आणि सहलीस येऊ न शकलेल्या आपल्या सोबत्यास त्याने ते सांगितले, म्हणजे हा पाठ पूर्ण झाला.